वीस मणांचा लठ्ठा

मॅट्रिकच्या वर्षी मी भारी शहाणी होते. आरमोरीत पदार्थविज्ञान कळणारी पोरगी मी एकटीच, असं माझं ठाम मत. चांद्याच्या दवाखान्यात बाबा पाय ठेचून पडले होते आणि मी त्यांच्या उशाशी बसून गणितं सोडवत होते. तीही मोठ्यानं, म्हणजे बाकीच्या खाटांनाही कळावं, कोणाची लेक आहे ते.

लाकडाच्या डेपोत उतारावरून सागवानाचा लठ्ठा दहा फूट घरंगळून बाबांच्या पायावर आला होता. पाय काळा पडत चालला होता. कापला तरच माणूस वाचेल, डॉक्टर म्हणत. बाबा संमतीच्या कागदावर अंगठा देत नव्हते. "लंगड्या गाडीवानाले कोण काम देते?" आणि बाजूला का नाही झालात, असं कोणी विचारलं की एकच, "पापणी लवाले वेळ नाई भेटला."

म्हटलं, काढूच त्या लठ्ठ्याचं त्वरण. वस्तुमान वीस मण, बाबांनीच सांगितलं. उतार नावापुरता, म्हणून बल मी मनानंच सोळाशे पाउंडल धरलं. भागिले वीस. ऐंशी! विहिरीत पडणाऱ्या दगडाच्या अडीचपट.

"येवढ्या जोरानं आला असता तं मी इथी कायले राह्यलो असतो, पोरी?" बाबा हसले. दुखण्यात पहिल्यांदाच.

मग माझ्या ध्यानात आलं. पाउंडलला पाउंड लागतात, आणि मी धान्याच्या अडत्यासारखे मण घातले होते. मणाचे ब्याऐंशी पाउंड, वीस मणांचे सोळाशे चाळीस. म्हणजे दर सेकंदाला वेग जेमतेम एक फुटानं वाढणार. सेंटिमीटर केले तरी तीसच. एवढ्यावर गप्प बसेल ती मी कसली!

"दहा फूट याले चार सेकंदांच्या वर लागले, बाबा. तेवढ्यात माणूस आरामात बाजूले होते."

बाबांचं हसू गेलं. पायाशी बसलेली माय म्हणाली, "मंग तुमी काऊन नाई झाले जी?"

बाबांनी मग आमच्या गाडीच्या रेड्याचा विषय काढला. "हल्या लठ्ठ्याले बांधून होता. त्याचा दोर सोडून राह्यलो होतो."

"हल्यासाठी पाय देल्ला," माय म्हणाली. "आन् पोरीसाठी अंगठा देत नाई?"

शाई तिनंच मागवली. अंगठा टेकवताना बाबा तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "तुवं पयलं उत्तर बरं होतं."

पाय कापला, पण विष तोवर मांडीच्या वर चढलं होतं. बाबांना आम्ही इरई नदीच्या काठी जाळलं. हल्या ठणठणीत होता. पुढे गाडी मायनं हाकली, आणि त्याला तिनं कधी साधी शिवीसुद्धा दिली नाही.