पंख्याचा पट्टा

लोधिवलीच्या रिकाम्या गोठ्यात मी विमान बांधत होतो, तेव्हा जगापुढे एकच प्रश्न होता: इंजिनाला डायनॅमो लावावा की अल्टरनेटर? इंजिन जुन्या मोटारीचं होतं आणि बॅटरी चार्ज करायला दोन्हींपैकी एक हवंच होतं. दोन महिने मी तराजू घेऊन बसलो. अखेर अल्टरनेटर निवडला, कारण तो दोन किलोंनी हलका होता. मी स्वतः किती जाडा होतो, ते काही मी तोललं नाही.

तो फिरवायला पट्टा लागणार होता. नेमक्या मापाचा पट्टा थोरल्या भावाच्या भातगिरणीत, तूस उडवणाऱ्या पंख्यावर होता. भर हंगामात मी तो काढून आणला. दोन दिवस गिरणी बंद राहिली. भावाने चोरीचा आळ गिरणीवरच्या गड्यावर घेतला आणि त्याला कामावरून काढलं. मी विज्ञानाच्या प्रगतीसाठी गप्प राहिलो.

आठवड्याने तोच गडी विमान बघायला आला. त्याने पट्टा लगेच ओळखला. अंगठ्याने दाबून म्हणाला, "लय ढिला हाय, भाऊ. घसरंल." मग पाना मागून त्याने तो स्वतः ताणून दिला आणि हात पुसत म्हणाला, "आता दादांना तुमी सांगा. माजं कोन ऐकतंय?"

"विमान उडू दे रं," मी म्हणालो, "मग सांगतो."

विमान उडालं नाही. थोरला भाऊ वारेपर्यंत मी मात्र दिलेल्या शब्दाला जागलो.