दोन सेकंदांनी हुकलेला करकोचा

आमचे हे प्लंबर आहेत. गावातल्या निम्म्या नळांना ह्यांचा हात लागलाय आणि उरलेले निम्मे ह्यांची वाट बघत गळतायत. घराच्या पुढच्या खोलीत आमचं दुकान आहे. वॉशर, एल्बो, टेफ्लॉन टेप, फ्लशच्या टाकीचे बॉल कॉक, आणि काउंटरमागे मी. माझ्याजवळ फोन. फोन वाजला की समोरच्याने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकते, "आत्ताच निघालेत हो, रस्त्यात आहेत." इतकी वर्षं सांगतेय की झोपेतून उठवलंत तरी हेच सांगेन.

आता हे खरोखर कुठे असतात, तर पाणीपुरवठ्याच्या तलावावर. पंपघराच्या मागे उकिडवे बसून, एक डोळा मिटून, दुसरा दुर्बिणीला लावून. गिऱ्हाइकाच्या मोरीत गुडघाभर पाणी साचलेलं असतं आणि हे बगळे मोजत असतात.

पक्ष्यांचं वेड ह्यांना आधीपासूनच. हत्यारांच्या पिशवीत पाइप पान्याच्या खाली पक्ष्यांचं एक पुस्तक असतं, त्याला ग्रीसचा वास येतो. पण ते वेड घरातल्या घरात होतं, अंगणातल्या चिमण्यांपुरतं. गाडी रुळावरून घसरली ती काळ्या करकोच्यामुळे. पंपघराचा व्हॉल्व बदलायला गेले होते, संध्याकाळी ओल्या पँटने घरी आले आणि दारातच म्हणाले, "अगं, पलीकडच्या काठावर काळा करकोचा बघितला. लाल चोच, लाल पाय, पोट पांढरंशुभ्र. आपल्या तलावावर आजवर कुणी बघितलेला नाही."

मी म्हटलं, "आधी हात धुवा."

आमच्याकडे पक्षिमित्र मंडळ आहे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स आमच्या दुकानातल्या पाण्याच्या मोटरएवढी आहे आणि ती उचलायला त्यांनी कंपाउंडर सोबत आणलेला असतो. मंडळाच्या खोलीत एक फळा आहे. तलावावर एखादा पक्षी पहिल्यांदा दिसला की त्याचं नाव फळ्यावर आणि पुढे बघणाऱ्याचं नाव. हे रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाणकावळा असेल हो. लांबून सगळं काळंच दिसतं. फोटो आहे का?" नव्हता. मग डॉक्टर मंडळींकडे वळून म्हणाले, "ह्यांची 'दहा मिनिटं' म्हणजे किती, ते आपल्याला ठाऊक आहे. तसाच ह्यांचा करकोचा." सगळे पोट धरून हसले म्हणे.

हे घरी आले ते न जेवताच आडवे झाले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी बघितलाय गं. निदान तुला तरी पटतं ना?"

"पटतं हो," मी म्हटलं.

तो माझा फोनवरचा आवाज होता. ह्यांना तो बरोबर ओळखू येतो.

तिथून पुढे आमच्या संसारात दुर्बीण आली. जहाजावरून निवृत्त झालेल्या एका कप्तानाचा गीझर ह्यांनी बसवून दिला, तर त्यांनी पैशांऐवजी त्यांची जुनी एकडोळी दुर्बीण गळ्यात मारली, तिपाईसकट. मी म्हटलं, वा, आता वाण्यालाही दुर्बिणीतून चंद्र दाखवू. ह्यांच्या कानावरून वारं गेलं. मुलीच्या दहावीला घेतलेला छोटा कॅमेरा कपाटातून बाहेर निघाला. मुलीलाच आता मुलगी झालीय, म्हणजे कॅमेरा किती तरुण ते बघा. तो कॅमेरा दुर्बिणीच्या डोळ्याला लावायचा आणि दुर्बिणीतून दिसेल त्याचा फोटो काढायचा, असा बेत होता.

बोलायला सोपं. कॅमेरा हाताने धरला की केसभर हलतो आणि पक्षी चित्रातून गायब. मग दुकानातले रिड्यूसर एकेक करून नाहीसे व्हायला लागले. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक असा पाइपचा तुकडा, त्यातून दुर्बीण आणि कॅमेरा जोडायचे. आत वॉशर, बाहेरून टेफ्लॉन टेपचे वेढे. गिऱ्हाईक रिड्यूसर मागायला आलं की मी सांगायची, "संपलेत. करकोच्याने नेले." शेवटी एक जोड असा बसला की कॅमेरा उलटा धरला तरी पडेना. ह्यांच्या हाताला कसब आहे, ते मी कधी नाकारलं नाही. फक्त ते कसब लोकांच्या नळांपर्यंत पोचत नाही.

पण बटण दाबलं की दुर्बीण थरथरायची आणि पक्ष्याचा व्हायचा धुरळा. त्यावर ह्यांनी उपाय शोधला तो कॅमेऱ्यातल्या टायमरचा. बटण दाबायचं, हात काढून घ्यायचा, दोन सेकंदांनी फोटो आपोआप निघतो. एकदम स्थिर. पक्षी मात्र दोन सेकंद थांबत नाहीत. ह्यांची गिऱ्हाइकं दोन दोन दिवस थांबतात, म्हणून ह्यांना वाटलं पक्षीही थांबतील. रोज रात्री हे टीव्हीला कॅमेरा जोडून मला फोटो दाखवायचे. काळ्या वर्तुळात एक फांदी. काळ्या वर्तुळात एक दगड. काळ्या वर्तुळात थोडं पाणी.

"इथे खंड्या होता," हे म्हणायचे.

"होता ना? गेला असेल कुणाचा तरी नळ दुरुस्त करायला," मी म्हणायची.

हे हसायचे, पण त्या हसण्यात काही दम नसायचा. करकोचा काही पुन्हा दिसला नव्हता. रविवारचं मंडळात जाणंही ह्यांनी सोडलं होतं. इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच.

मग ती सकाळ आली. शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोनवर फोन. मुलांच्या शौचालयातली टाकी फुटली होती आणि पाणी जिन्यावरून ऑफिसात शिरलं होतं. मी म्हटलं, आत्ताच निघालेत. पुन्हा फोन आला, पुन्हा म्हटलं, रस्त्यात आहेत. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "वहिनी, रस्ता आहे तरी केवढा?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानाचं शटर ओढलं, रिक्षा केली आणि थेट तलाव गाठला. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य चार माणसांत बोलण्यासारखं नव्हतं.

हे पंपघराच्या मागेच होते. मी तोंड उघडणार तोच ह्यांनी वळून न बघताच हात वर केला. कॅमेरा दुर्बिणीला जोडलेला, बोट बटणावर.

"आलाय," हे कुजबुजले.

"कोण आलाय? शाळेत पूर आलाय!"

"करकोचा."

मी पलीकडच्या काठाकडे बघितलं. चिखलात एक काळा ठिपका होता. पाणकावळा असेल, कावळा असेल, कुणाची फाटकी छत्री असेल. "मला तर काही दिसत नाही," मी म्हटलं. तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि एवढे महिने खपून बनवलेला तो जोड एका हिसक्यात दुर्बिणीवरून काढला.

"ये. आधी तू बघ."

मी वाकले आणि डोळा लावला. अगंबाई! समोरच उभा होता, हात लावावा इतका जवळ. चोच लालभडक, पाय लालभडक, पोट पांढरं. आणि काळा कसला, मानेवर हिरवी-जांभळी झाक मारत होती. त्याने चोच पाण्यात घातली, वर काढली, आणि चोचीच्या टोकावरून थेंब पडताना मला दिसला. शाळा, टाकी, जिना, सगळं विसरले मी. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग त्याने पंख पसरले.

"अहो, उडतोय! कॅमेरा लावा, लावा!"

ह्यांनी जोड बसवला, बटण दाबलं, हात काढून घेतला. एक. दोन. खट्. फोटो सुरेख आला, एकदम स्थिर. ओला चिखल आणि त्यात पायांचे ठसे.

मी ह्यांच्यावर जी काही उखडले! "आधी फोटो नाही का काढायचा? त्या डॉक्टरच्या तोंडावर फेकला असता! मला काय, मी नंतर बघितला असता!"

हे तिपाई मिटत होते. म्हणाले, "डॉक्टरांना नाही पटलं तर चालतं गं. तुला नाही पटलं की घरी यायला नको वाटतं."

मी हत्यारांची पिशवी खांद्याला मारली. रडू आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं.

शाळेची टाकी ह्यांनी त्याच दुपारी बसवली. आणि रविवारी मी स्वतः मंडळात गेले, हे नको नको म्हणत असताना. उभी राहून सगळं सांगितलं. चोच, पाय, मानेवरची झाक, थेंबसुद्धा. डॉक्टरांनी मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "फोटो?"

"मी डोळ्यांनी बघितलाय, साहेब. खोटं सांगतेय का मी?"

"तसं कुठे म्हणतोय, वहिनी," डॉक्टर गोड हसले. "पण माझ्या दवाखान्यातला नळ गळतोय म्हणून फोन केला, तेव्हा तुम्हीच सांगितलंत ना, आत्ताच निघालेत, रस्त्यात आहेत? त्याला आता आठवडा झाला."

खोली हसली. मोठ्याने हसली. फळ्यावर नाव लागलं नाही ते नाहीच. बाहेर आल्यावर मला वाटलं, हे चिडले असतील. तर हे म्हणाले, "चल, आता आपण दोघं खोटारडे," आणि स्वारी खुशीत शीळ घालत चालायला लागली.

तो चिखलाचा फोटो मी मोठा करून घेतला, फ्रेम केली आणि काउंटरच्या मागे लावला. परवा डॉक्टर स्वतः दुकानात आले. नळ आता गळत नव्हता, वाहत होता. पँट घोट्यापर्यंत भिजलेली. हे कुठे आहेत, असं विचारता विचारता त्यांची नजर भिंतीवर गेली.

"हा कशाचा फोटो?"

"काळ्या करकोच्याचा."

चष्मा पुसून ते काउंटरवर ओणवे झाले. बराच वेळ बघत राहिले. "वहिनी, यात करकोचा कुठे आहे?"

मी वॉशर मोजत होते. मान वर केली नाही.

"आत्ताच निघालाय, साहेब. रस्त्यात आहे."