शेजारच्या टेबलावरचे दात

बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या खोलीत कवळीवाली बसते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात आणि त्या मापावर कवळी घडवते ती ही. आज भलेभले डॉक्टर तिच्या खोलीचा उंबरठा झिजवतात, आणि ती त्यांना "परवा या" असं खुशाल सांगते. पण शिकत होती तेव्हा हिचा स्वतःवर काडीचा विश्वास नव्हता. सांगितलं तर आता कुणाला पटत नाही.

वर्गात तिच्या एका बाजूला बसायचा एक्का आणि दुसऱ्या बाजूला मोती. एक्क्याने दिव्यावर सुरी तापवली, मेण लावलं, दात टेकवला की झालं, पुन्हा हात लावायचं काम नाही. मोतीने बसवलेल्या दातांच्या ओळी इतक्या सरळ, की मास्तर त्या काचेच्या कपाटात मांडून ठेवायचे. आणि ही? एक दात बसवायची, डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची, आणि बसवलेला दात उपटून पुन्हा त्यांच्यासारखा बसवायची. मान आखडायची, पण कवळी काही पुढे सरकायची नाही. वर्गाने तिचं नावच शेजारीण ठेवलं.

पहिला खरा पेशंट मिळाला तेव्हा तर तिने कहर केला. एक म्हातारे सुतार होते, खालचा जबडा चांगला पुढे आलेला. एक्क्याच्या पेशंटचा जबडा नेमका मागे गेलेला. पण हिने एक्क्याच्या टेबलाकडे बघून दात न् दात तसाच्या तसा बसवला. टेबलावर कवळी काय देखणी दिसत होती! सुतारबाबांनी ती घालून तोंड मिटायला घेतलं, टक् असा आवाज झाला आणि तोंड अर्ध्यावरच अडकलं. वर्ग खो खो हसला. बाबांनी कवळी काढून तिच्या हातावर ठेवली.

"ही दुसऱ्याची आहे गं पोरी. ज्याची त्याला देऊन टाक."

मास्तर हसले नाहीत, तेच जास्त लागलं. "आणखी एक पेशंट देतो," ते म्हणाले. "ती कवळी बसली तर बसली, नाहीतर हा वर्ग सोडायचा."

घरी आई इस्त्री करत होती. लॉन्ड्रीतलं उरलेलं काम ती घरी आणायची.

"माझ्यात तेवढी अक्कलच नाही गं आई. तो एक्का बघ, ती मोती बघ..."

"त्यांना बघून बघूनच तोंडघशी पडलीस," आई इस्त्री न थांबवता म्हणाली. "त्या सुताराला बघितलं होतंस का?"

तिने इस्त्री केलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

दुसरा पेशंट म्हणजे बस स्थानकावरच्या निवृत्त घोषणाबाई. अख्खी नोकरी माईकसमोर गेलेली, आणि आता तोंडावर हात धरल्याशिवाय बोलत नव्हत्या. आधीच्या कवळीतून प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची. लोक तोंड फिरवून हसायचे, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं.

"चावायचं मी बघून घेईन," त्या हाताआडून म्हणाल्या. "मला बोलायला कवळी हवी."

तिने त्यांना समोर बसवून साठपासून पुढे आकडे म्हणायला लावले. पुन्हा लावले, आणखी एकदा लावले. जीभ कुठे टेकते, ओठ कुठे खचतो, वारा कुठून निसटतो, हे ती बघत राहिली, ऐकत राहिली. मग टेबलाशी येऊन तिने वरचे पुढचे दात ओळीच्या जरा पुढे घेतले आणि त्यातला एक किंचित तिरका ठेवला, कारण त्या बाजूला ओठाला आधार हवा होता.

एक्का डोकावला. "पुढे आलेत. आणि हा वाकडा आहे. मागे घे, नाहीतर पुन्हा हसं होईल."

तो दुष्टाव्याने बोलला नव्हता, आणि त्याचं कधी चुकत नसे. तिने सुरी तापवून दाताच्या मुळाशी टेकवली. मेण पाघळायला लागलं. आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं, याने बाईंना बोलताना ऐकलंय कुठे? ऐकलंय मी. तिने सुरी बाजूला ठेवली, मेण पुन्हा घट्ट होऊ दिलं. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण दात तिथेच राहिला.

कवळी पक्की करण्याआधी ती मेणातच तोंडात घालून बघतात. त्या दिवशी मास्तरांनी कवळी हातात घेऊन कपाळाला आठ्या घातल्या.

"दात पुढे आलेत."

"हो सर. मुद्दाम घेतलेत."

"खात्री आहे?"

एक्का बघत होता, मोती बघत होती. तिने मात्र फक्त बाईंकडे बघितलं.

"आहे, सर."

बाईंनी कवळी घातली, तोंडावर हात धरला आणि सुरुवात केली. "साठ. एकसष्ट." शिट्टी नाही. हात थोडा खाली आला. "पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट." हात मांडीवर आला. मग त्या उठल्या, पदर सावरला, पेशंट बसतात त्या हॉलचं दार उघडलं आणि ताठ उभ्या राहिल्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! सकाळी सात वाजून सत्तावीस मिनिटांनी सुटणारी बस फलाट क्रमांक सहावर येत आहे! सर्वांनी सामान सांभाळावे!"

"बाई, हळू! मेण आहे ते!" मास्तर ओरडले, पण त्यांना विचारतो कोण? सगळा हॉल दचकला. एक आजोबा तर पिशवी उचलून उभेच राहिले. बाई खळखळून हसल्या, दात दाखवून हसल्या, आणि आत येऊन त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. तिला असा आनंद झाला की नाचावंसं वाटलं.

मास्तरांनी कवळी नळाखाली धुतली, फिरवून फिरवून बघितली आणि तिच्या टेबलावर ठेवली.

"आता पक्की कर. आणि एकही दात हलवू नकोस."

"नाहीच हलवणार," ती म्हणाली.