तिसऱ्या हाकेला ओ

दाराला कडी होती, बेल होती, पण त्यांनी कधी कशाला हात लावला नाही. पहाटे अंगणाबाहेर मोटारसायकल उभी करायची, दुधाच्या कॅनांचा खडखडाट थांबू द्यायचा आणि मग हाक घालायची. "होऽऽ." थांबायचं. पुन्हा "होऽऽ." पुन्हा थांबायचं. मग तिसऱ्यांदा. सानगडीत खोली घेतली त्या पहिल्या आठवड्यात मी पहिल्याच हाकेला "आले, आले" करत दार उघडलं. दूध राहिलं बाजूला, आधी बोलणी खावी लागली.

"म्याडम, पयल्या हाकेले ओ देत नाही जाव."

"काहून?"

"पयली हाक कोनाचीबी राहू शकते. दुसरीले कान द्याव. तिसरीले आवाज वळखला, तं मंग ओ म्हनाव. जंगलचा कायदा आहे."

"विहारात जाता ना तुम्ही? मग भूतबित मानता कसे?"

"भूत नाही मानत मी," लिटरचं माप माझ्या भांड्यात उपडं करत ते म्हणाले. "जंगल मानतो."

गाव त्यांना जवाईबापू म्हणायचं. सासऱ्याला मुलगा नव्हता, म्हणून लग्नानंतर ते बायकोच्याच गावात राहिले. जावयाला नावानं हाक मारायची पद्धत नाही. सासू-सासरे गेले, केस पांढरे झाले, तरी सत्तरीच्या म्हाताऱ्यापासून बालवाडीतल्या पोरापर्यंत सगळ्यांचे ते जवाईबापूच. असा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याचं खरं नाव आठवून पाहा, जमतं का. मला त्यांचं नाव पुढं कळलं, पण ते मी इथं लिहिणार नाही. गावानं कधी घेतलं नाही, मीही घेत नाही.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर कोंढ्याचं. तिकडं धानाची शेतं, फार तर रानडुक्कर. बदली झाली ती सानगडीपलीकडच्या जंगलातल्या गावी. उन्हाळ्यात शाळा सकाळची, म्हणजे झुंजूमुंजू असतानाच स्कूटी काढायची. दोन्हीकडं साग आणि मोह, मध्ये एक बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. तिथं रस्ता वळतो आणि वळणापलीकडचं काहीच दिसत नाही. त्या वळणावर मी रोज स्कूटीचा दिवा मोठा करायचे. चार वर्षांत एकदाही सवय झाली नाही.

जवाईबापू त्याच रस्त्यानं माझ्याआधी जायचे, गावोगावचं दूध गोळा करायला. बोडीवर काय पाणी पिऊन गेलं, धुळीत कुणाचं पाऊल उमटलं, हे सगळ्यांत आधी त्यांना दिसायचं. पूर्वी ते चहाच्या टपरीवर सांगायचे. नागपूरला नर्स असलेल्या मुलीनं मोबाइल घेऊन दिल्यावर मोबाइलवर सांगू लागले. 'जवाईबापू दूधवाले' असं त्या खात्याचं नाव आणि फोटो दोन कॅनांचा. चित्रफितीत दिसायचं काय, तर अंधारा रस्ता आणि गाडीच्या दिव्याचा एक गोल. लोक ती पाहत नसत, ऐकत. आधी तीन हाका, मग निरोप.

"बोडीवर थो आहे. सूर्य वर येऊ द्या." किंवा, "थो काल रातीच पलीकडं गेला. रस्ता मोकडा आहे, जा मायबाईहो."

थो म्हणजे तो. वाघ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. मोहफुलं वेचणाऱ्या बाया, तेंदूपत्त्याची माणसं, पेपरवाला, मी, आम्ही सगळे त्या आवाजाची वाट पाहायचो. त्यांच्या बायकोकडं साधा फोनही नव्हता. ती शेजारणीच्या मोबाइलवर ऐकायची आणि तिसरी हाक झाली की चुलीपुढूनच मोठ्यानं "ओ" म्हणायची. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"हसा बाप्पा," ती म्हणायची. "नवरा हाक मारते, तं ओ नाही म्हनू?"

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी मोबाइलवर तीन हाका ऐकल्या, "रस्ता मोकडा आहे" ऐकलं आणि निघाले. बोडीच्या अलीकडंच जवाईबापू रस्त्याच्या मधोमध उभे होते. दोन्ही हातांनी लाल दुपट्टा हलवत होते, ओरडत मात्र नव्हते. मी स्कूटी थांबवली. त्यांनी नुसती हनुवटी बोडीकडं केली. गवतात काहीतरी पिवळं होतं आणि ते श्वास घेत होतं.

स्कूटी ढकलत आम्ही किती तरी मागं आलो. मग ते पुटपुटले, "काहून आल्या म्याडम? थो बसला आहे म्हून मी सांगतलो होतो ना!"

मी मोबाइल काढून वाजवला. तीन हाका. रस्ता मोकळा आहे. आवाज त्यांचाच.

त्यांनी मोबाइल कानाला लावला आणि पुन्हा ऐकला. "मीच आहो हा," ते म्हणाले. "पन आजचा नाही होय. मांगच्या सालचा आहे."

कुणीतरी त्यांच्याच नावाचं, त्याच कॅनांच्या फोटोचं दुसरं खातं काढलं होतं. जुने निरोप उचलायचे आणि रोज एक नवा म्हणून सोडायचा. वाघाच्या बातमीला पाहणारे फार मिळतात म्हणे. कोण होतं ते आजवर कळलं नाही. मी मनातल्या मनात त्याला खूप शिव्या दिल्या आहेत, शिक्षिकेला न शोभणाऱ्या.

जवाईबापू चिडले नाहीत. ते घाबरले, आणि तेच मला सहन झालं नाही. जंगलात अर्धं आयुष्य काढलेला माणूस माझ्या अंगणात पायरीवर बसला आणि म्हणाला, "माह्या आवाजानं कोनी मेलं तं मी काय करू, म्याडम? लोक माहा आवाज ऐकूनच पाय बाहेर टाकते."

त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. घरातून निघताना बायकोला बजावायचे, "माहा आवाज आला तरी जाशील नोको." ती म्हणायची, "तुमचा आवाज आला, तं मंग जाऊ नाही तं काय करू?" आणि हसायची. दूध देतानाही ते हाका हळूच मारू लागले. जणू कुणी चोरून नेईल.

खोट्या खात्याची तक्रार केली. उत्तर आलं की, आम्हाला काही गैर आढळलं नाही. मग मुलीनं नागपूरहून सांगितलं, खात्याला निळी खूण घ्या. ती असली की खरा माणूस कोण ते जगाला कळतं.

"पोराच्या वहीवर तुमी बरोबरची खूण करता, तशीच ना?" त्यांनी मला विचारलं.

"तशीच. पण निळी."

"मंग घेऊनच टाकू. लाल तं आयुष्यभर भेटली नाही."

मुलीनं सगळं रीतसर केलं. आधार कार्ड लावलं, स्टुडिओतला फोटो लावला. खूण आली त्या दिवशी ते खव्याचे पेढे घेऊन माझ्या दारात उभे. तीन हाका खणखणीत. "म्याडम, मी पास झालो!" कितीतरी दिवसांनी ते तसे हसले होते. मीही निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी मोबाइल उघडला. कॅनांचा फोटो गेला होता. तिथं पांढऱ्या सदऱ्यातला, भांग पाडलेला, कॅमेऱ्याला भ्यालेला एक गृहस्थ होता. 'जवाईबापू दूधवाले' गेलं होतं आणि आधार कार्डावरचं पूर्ण नाव आलं होतं, आडनाव, वडिलांचं नाव सगळं. पुढं निळी खूण. ते नाव पंचक्रोशीत कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

आणि लोकांनी काय करावं? जे कुणीही केलं असतं तेच केलं. एकमेकांना सावध केलं. 'निळ्या खुणेवाल्याचं ऐकू नका, जवाईबापूंचं खातं कुणा परक्यानं पळवलं आहे.' खऱ्याखाली शिव्या पडू लागल्या. खोट्याकडं मात्र कॅनांचा फोटो होता, जवाईबापू हे नाव होतं आणि तोच आवाज होता.

ते टपरीवर सांगत फिरले, दूध घेताना घरोघर सांगत फिरले. "बाप्पा, थो निळावाला मीच आहो." लोक मान हलवायचे. पण जंगलाकाठची गावं किती, आणि माणूस एक. आम्ही जुनं नाव परत लावायला गेलो, तर सध्या बदलता येणार नाही असं उत्तर. "खरा ठरलो आन् वळखीतूनच गेलो, म्याडम," असं एकदा म्हणाले आणि माप कॅनमध्ये तसंच बुडवून उभे राहिले.

मोहाचा बहर भरात होता. फुलं पहाटे पडतात आणि उशीर केला तर गुरं-हरणं खाऊन जातात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. त्या दिवशी निळ्या खुणेवर निरोप होता, "डांबरी रस्त्यानं जा, पन बोडीमांगच्या मोहाखाली कोनी उतरू नका. थे आहे, संग पिल्लं आहेत." थे म्हणजे ती, पिल्लांची आई. मी जीव मुठीत धरून निघाले.

बोडीच्या अलीकडं, लांबवर, बायांची रांग रस्ता सोडून आत वळताना दिसली. मी हॉर्न वाजवत सुटले. शेवटच्या बाईनं मागं वळून हात हलवला, मला राम राम केल्यासारखा, आणि तीही झाडांत गेली. ती जवाईबापूंची बायको होती. शेजारणीच्या मोबाइलवर त्यांनी खोट्या खात्याचं "रस्ता मोकडा आहे" ऐकलं होतं, हे मागून कळलं.

समोरून ते येतच होते. मी स्कूटी आडवी घातली. "बाया आत गेल्या. तुमच्या घरच्यापण."

त्यांनी गाडी लावली. एक कॅन कलंडली, दूध रस्त्यावर वाहू लागलं, ते त्यांनी पाहिलंही नाही. दुपट्टा कमरेला बांधून ते झाडांत शिरले. मी तिथंच उभी होते.

"होऽऽ." मग शांतता. "होऽऽ." मग तिसरी. आणि फार दूरून, भलत्याच बाजूनं, "ओ" आला. पाठोपाठ बाया पळत रस्त्यावर आल्या, टोपल्या टाकून, धापा टाकत. ती सगळ्यांत शेवटी आली. सगळ्या आल्या होत्या. "माहे कुठं आहेत?" तिनं मला विचारलं. मी उजवीकडं बोट केलं.

तिनं तोंडाभोवती हात धरून हाक घातली. थोड्या वेळानं आतून उत्तर आलं. "होऽऽ." तिचा चेहरा सैल पडला. "होऽऽ." ती तोंड उघडून तिसरीची वाट पाहत होती. आम्ही सगळ्याच वाट पाहत होतो.

पुढचं मी सांगणार नाही. वनखात्याची माणसं आली, गाव काठ्या घेऊन आलं. त्यांना आणलं तेव्हा मी पाहिलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी दूध नसलेल्या स्वयंपाकघरात मी उभी असताना मोबाइल वाजला. "होऽऽ." माझ्या हातातून भांडं पडलं. तीन हाका झाल्या आणि जवाईबापू म्हणाले, "रस्ता मोकडा आहे, जा मायबाईहो."

मेलेला माणूस रोज सकाळी बायांना जंगलात बोलवत होता. काही जणी हात जोडून ऐकायच्या. माझी तर मोबाइलकडं पाहायची हिंमत होईना. मग मुलीचा फोन आला. खऱ्या खात्याला निळी खूण आहे, ओळख पटलेली आहे. त्या खात्यावरून तक्रार केली तर आता ते खोटं बंद करतात. आईकडं बाबांचा मोबाइल आहे, एवढं करा म्याडम.

मी गेले. तिनं मोबाइल फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तक्रार केली आणि आम्ही दोघी बसून राहिलो. दुपारी खोटं खातं गेलं. मला हायसं वाटलं, पण ती विचारात होती.

"चोरट्यानं आवाज कुठून नेला होता?"

"याच्यावरूनच. त्यांच्या खऱ्या खात्यावरून."

"मंग हे राहिलं तं दुसरा कोनी नेईल."

खरं होतं ते. त्यांचा आवाज जगात दुसरीकडं कुठंच नव्हता, हेही खरं होतं. मी ते तिला सांगितलं. पोरीला विचारू म्हटलं, थोडे दिवस थांबू म्हटलं.

"दुसऱ्या कोनाची बाई जाईल, म्याडम," ती म्हणाली. "हे खातंही पुसून टाका. एकडाव आयकवा आन् पुसा."

मी एक निरोप लावला. कोणता, ते पाहिलंच नाही. दिव्याचा गोल रस्त्यावरून पुढं सरकत होता. पहिली हाक आली, ती गप्प होती. दुसरी आली, तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

तिसरी आली.

"ओ," ती म्हणाली, पूर्वीसारखीच मोठ्यानं, दाराकडं पाहून. मग मोबाइल माझ्याकडं सरकवला आणि मी पुसून होईपर्यंत ती दाराकडंच पाहत राहिली.