मंजूर म्हणण्याआधी

गहिनीनाथाचा आवाज मोठा. गावच्या शेतकरी कंपनीच्या वार्षिक सभेत ठराव वाचून व्हायच्या आत त्याचं "मंजूर" मंडपाबाहेर ऐकू जायचं, कारण मागं शिऱ्याची कढई उतरलेली असायची. यंदा त्यानं आपले शेअर लेकीच्या, धनश्रीच्या, नावावर केले. पोरगी शहरात, सावेडीत, खोली घेऊन एमबीए करते. पहिल्या परीक्षेत शेअर आणि बॉण्ड एकच समजून ती आपटली होती. मग अशी इरेला पेटली, की आता वर्गातली पोरं तो विषय तिच्याकडूनच समजून घेतात.

सभेत अध्यक्षांनी कांद्याच्या शीतगृहासाठी बॉण्ड काढून कर्ज उभारायचा ठराव वाचला. धनश्री उभी राहिली.

"बॉण्ड घेणारा आपल्यासारखा मालक नसतो. कांद्याचा भाव पडला, तर आपण नफ्यावर पाणी सोडू. त्याचं ठरलेलं व्याज मात्र कंपनीला द्यावंच लागतं. ते कुठून देणार, तेवढं सांगा."

"ते बगू की फुडं," अध्यक्ष म्हणाले.

"आधी बघा, मग ठराव मांडा." ती काही खाली बसली नाही.

अध्यक्षांनी सवयीनं मंडपाला विचारलं, "मग, मंजूर?"

गहिनीनाथाचं तोंड उघडलं होतं. त्यानं ते मिटलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि ऐटीत लेकीकडं मान वळवली. मागं शिरा निवत चालला होता, अन् अख्खा मंडप ती काय म्हणते याची वाट बघत होता.