ज्याचं त्याने बोलायचं

बुऱ्हाणपुरात समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो ठार बहिरा आहे. हे मी जबाबदारीने लिहितो. मोजण्याच्या सवयीमुळे मी घरात बदनाम आहे, पण एका लग्नाच्या पंगतीत मी खरंच मोजलं होतं. माझ्याशी बोललेल्या अकरा जणांपैकी दहा जणांनी माझं वाक्य मध्येच तोडलं. अकरावे आमचे साडूभाऊ. त्यांनी घास हातात धरून शेवटच्या शब्दापर्यंत माझ्या ओठांकडे बघितलं आणि मग म्हणाले, "यात नवीन काय?" ते अर्ध्या मांडवाने ऐकलं, कारण सातव्या वर्षी तापात कान गेल्यापासून आपला आवाज किती मोठा आहे याचा त्यांना पत्ता नाही.

ओठांवरून बोलणं वाचायचं असल्यामुळे जगातल्या माणसांची त्यांची वर्गवारी निराळी. जात, पैसा, शिक्षण यांना तिच्यात जागा नाही. मिशीवाले, पान खाणारे आणि स्पष्ट, असे तीनच वर्ग. माझी एकोणीस वर्षं जपलेली मिशी त्यांनी दुसऱ्याच भेटीत उतरवायला लावली. "साडूभाऊ, तुमच्या दाराला पडदा आहे," एवढंच म्हणाले. एकदा तर एका मोठ्या साहेबांना भर कचेरीत त्यांनी सांगितलं, "साहब, मूँछ थोड़ी कम करो, सुनाई नहीं देता." मी खाली बघत बसलो. पण पुढच्या खेपेला साहेबांची मिशी कमी झालेली होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि भांडण नको असलं की हा गृहस्थ सरळ डोळे मिटून घेतो. माझी मेहुणी म्हणते, "भाऊजी, यांच्याशी संसार म्हणजे दिवा मालवलेल्या घरात बोलणं."

इतवारा पेठेतल्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात ते मुकादम होते. तिथे बारा माग एकदम चालू झाले की सगळेच बहिरे. विणकर आपसांत हातांनी बोलतात. सूत संपलं, मालक आला, मुलीचं लग्न जमलं, सगळं हातांनी. त्या शेडमध्ये साडूभाऊंइतका बोलका माणूस दुसरा नव्हता. सूत घेऊन धावणारा धोटा कुठल्या मागात अडकतो आहे हे त्यांना चपला काढून, तळपायांनी कळायचं. कान शाबूत असलेल्यांच्या आधी कळायचं. वीज गेली की शेड शांत व्हायची, बाकीचे तोंडाने गप्पा मारायला लागायचे आणि हे बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. ते बसणं मी पाहिलं आहे.

त्यांचं मूळ गाव तापीकाठी, केळीच्या पट्ट्यात. शाळांच्या भिंतींवर 'सगळी मुलं एकत्र शिकतील' असं रंगवायला लागले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. साडूभाऊ दर रविवारी बसने गावी जाऊन आसपासच्या तीन गावांतल्या अपंग लोकांना केळीच्या गोदामात जमवू लागले. पायाने अधू, आंधळे, मुके, हात गेलेले. मी यादी केली तेव्हा त्रेचाळीस भरले. नियम एकच होता. ज्याचं त्याने बोलायचं. सोबत आलेले आई, भाऊ, नवरे बाहेर बसायचे, आणि आत कोणी दुसऱ्याच्या वतीने तोंड उघडलं की साडूभाऊ त्याच्याकडे पाठ फिरवायचे. बहिऱ्या माणसाने पाठ फिरवली की विषय संपतोच. पहिले चार रविवार बहुतेक जण नुसते बसून गेले. पाचव्या रविवारी कमल बोलली. तिचं गाव नाल्यापलीकडे, तिथे बस जात नाही. पोलिओने पाय गेल्यामुळे ती हातांवर सरकत चालायची. तपासणीचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय तीनचाकी मिळत नाही, पेन्शन मिळत नाही, आणि तपासणी शहरात. भाऊ तिला पाठीवर घेऊन निघणार होता. कमल म्हणाली, "मले पाठीवर नही जायाचं, दादा. मी तीस वर्साची बाई हाये."

तेव्हा ठरलं की तपासणीचं शिबीर तिन्ही गावांत मागायचं. अर्ज मी लिहिला, अंतरं किलोमीटरमध्ये आणि माणसं गावनिहाय घातली. अर्ज चांगला होता. मंगळवारी आम्ही दोघे कचेरीत गेलो. हे दुसरे साहेब, मिशी नसलेले, पण फाइलमध्ये मान घालून बोलणारे. साडूभाऊंना ओठ दिसेनात. साहेबांनी मान वर केली तीही माझ्याकडे बघून. "इनको क्या चाहिए?" असं विचारलं. मी आकड्यांचा माणूस. एक डॉक्टर, एक गाडी, तीन गावं, हे गणित बसत नाही असं मला त्याच क्षणी वाटलं. मी म्हणालो, "साहब, सड़कवाले एक गाँव में भी हो जाए तो बहुत है." साहेब खूश झाले. साडूभाऊ माझ्या शेजारीच होते, आणि माझ्या ओठांवर पडदा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला शेडमध्ये बोलावणं आलं. माग धडधडत होते. मला एका स्टुलावर बसवलं, आणि माझ्याभोवती चार विणकर व साडूभाऊ हातांनी बोलू लागले. विषय मी आहे एवढंच कळत होतं, कारण मधूनमधून एकजण माझ्याकडे बघून मान हलवायचा. मी ओरडून काही विचारलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मग चहा आला. सगळ्यांना भरलेले कप, मला अर्धा, तोही बिनसाखरेचा. हे असं वीस मिनिटं चाललं. बाहेर आल्यावर मी जरा रागानेच विचारलं की माझ्या चहातली साखर कोणी काढली.

"मी," साडूभाऊ म्हणाले. "तुमच्या वतीने, तुम्हाला झेपेल तेवढंच सांगितलं."

रस्त्यावरच्या दोन रिक्षावाल्यांनी वळून बघितलं. मी माफी मागितली, ओठ नीट हलवून. त्यांनी ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचली आणि मला परत आत नेऊन भरलेला कप पाजला, पण कचेरीत बोलायचं माझं काम गेलं ते गेलंच.

पुढच्या मंगळवारी गावातून एक टेम्पो केला. कमल, एक आंधळे शेतकरी आणि साडूभाऊ आत गेले. मी कमलच्या भावाशेजारी बाहेरच्या बाकावर. तिने त्याला फक्त पायऱ्यांपुरता हात मागितला होता. दाराला कान लावावासा वाटत होता, लावला नाही. पस्तीस मिनिटांनी ती तिघं बाहेर आली. तिन्ही गावं मंजूर झाली होती. पहिलं शिबीर नाल्यापलीकडे. आत कोण काय बोललं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही, आणि तो माझा हक्कही नाही.

शिबिराच्या दिवशी डॉक्टरसाहेब बूट हातात घेऊन नाला ओलांडून आले. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं. कमलचं नाव पुकारल्यावर ती सरकत टेबलापाशी गेली. डॉक्टरांनी सवयीने तिच्या भावाला विचारलं, "हिचं वय काय?" तो दोन पावलं मागे झाला. "तिले इचारा," म्हणाला. साडूभाऊ लांब उभे होते. त्यांनी भावाचे ओठ वाचले आणि लगेच धोतराच्या सोग्याने डोळे पुसत धुळीला शिव्या दिल्या. त्या दिवशी वारा नव्हता.

आता साडूभाऊंनी काम सोडलं आहे, बुऱ्हाणपुरातल्याच लालबागला घरीच असतात. तिन्ही गावचे लोक आपापले अर्ज आपण लिहितात, आपण भांडतात. कमल पुढे दुसऱ्या गावांत जाऊन लोक जमवू लागली. साडूभाऊंना विचारायला फारसं कोणी येत नाही. मी जातो. आम्ही ओट्यावर बसतो. एकदा मी विचारलं, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं का? त्यांनी नेहमीप्रमाणे पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याच्यासाठीच तर गेलो होतो, साडूभाऊ." सगळ्या गल्लीने ऐकलं. पण समोरच्या वळणावर गावाकडची बस दिसली की ते उठून उभे राहतात, कोण कोण उतरतं ते शेवटच्या माणसापर्यंत बघतात, आणि मग हळूच खाली बसतात.