लाल आकड्यांचे खेकडे

जैवविविधतेच्या एम.एस्सी.त दोन वर्षांत किती प्रजाती ओळखायला शिकलास, असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. फजित्या मात्र खुशाल विचारा. दर फील्ड व्हिजिटला एक तरी मिळायचीच, आणि त्यासाठी दुर्बीणही लागत नसे. यवतमाळला आमच्या वर्गात आम्ही इनमिन सात जण. कुठेही भेटलो की चार किस्से होतात, पाचवा आपोआप आठवतो, आणि बहुतेक वेळा त्यात तोंडघशी पडलेला मीच असतो.

*

माझं गाव दारव्ह्याजवळ. ॲडमिशन घेतली तेव्हा काकांनी विचारलं, "हे शिकून मानूस काय करते?"

"वन्यजीवांचं संवर्धन."

"म्हणजे रानडुकराचंई?"

"हो काका. तेही निसर्गाचा घटकच आहेत ना."

काका नुकतेच डुकरांनी लोळवलेली तूर बघून वावरातून आले होते. शांतपणे म्हणाले, "बरं हाय. मंग त्याईले तुह्या होस्टेलवर घेऊन जाय."

*

एकदा लोहाऱ्याच्या बाजूला माळावर गवताचा अभ्यास होता. दोरीने एक मीटरचा चौकोन आखायचा आणि त्यातलं प्रत्येक रोप मोजायचं. मी खुंट्या ठोकून, दोरी ताणून, गुडघे टेकून बसलो होतो. एक गृहस्थ स्कूटर थांबवून बराच वेळ बघत राहिले.

"लेआउट पाडून राह्यले का?"

मी त्यांना सॅम्पलिंग म्हणजे काय, गवताची घनता कशी काढतात, सगळं समजावलं. भाषणच दिलं म्हणा ना. त्यांनी मान डोलावून ऐकलं.

"ते ठीक हाय. पण प्लॉट रोडले टच हाय का?"

माझी वर्गमैत्रीण रुबीना बाजूला आकडे लिहून घेत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काका, हा बुक झाला. दुसरा पाडला की सांगते."

*

ही रुबीना दारव्ह्याची. तिच्या अब्बांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. एका सकाळी सगळा वर्ग सागाच्या जंगलातून चालला होता आणि झाडीआडून आवाज आला, चिर्र-चिक, चिर्र-चिक. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. आदल्या रात्री पक्ष्यांचे आवाज ऐकून तयारी केली होती, ती वाया कशी घालवणार?

"या भागात दुर्मीळ आहे," मी कुजबुजलो. सोबत आलेल्या आमच्या सरांनीही दुर्बीण डोळ्यांना लावली. कोणी हलेना.

रुबीनाने जरा वेळ कान दिला आणि म्हणाली, "सर, चेन सुकी हाय. ऑइल पाहिजे."

वळणावरून एक सायकल आली. सायकलवाल्याने आम्हा सगळ्यांना रामराम केला. सर मात्र तो दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून बघतच राहिले. खाली घ्यायची त्यांनाही लाज वाटली असावी.

*

शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट आला. मी आमच्या गावच्या नाल्यातले खेकडे मोजायचं ठरवलं. पद्धत सोपी असते. खेकडे धरायचे, पाठीवर खूण करायची, सोडून द्यायचे. काही आठवड्यांनी पुन्हा धरायचे, म्हणजे रिकॅप्चर. त्यात खुणेचे किती सापडतात त्यावरून नाल्यात एकूण किती असतील याचा अंदाज निघतो. एकही सापडला नाही तर अंदाज नाही, आणि अंदाज नाही तर डिग्री नाही.

खूण पाण्यात टिकायला हवी म्हणून मी नेलपॉलिश घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "कोणता शेड देऊ?"

"लाल. पाण्यात टिकणारा."

"कोनासाठी पाहिजे?"

मी खरं सांगायला नको होतं. "खेकड्यांसाठी."

तो बाटली पिशवीत टाकत म्हणाला, "रिमूव्हर देऊ का सोबत? त्याईले काढावं वाटलं तं?"

*

मी नाल्यातले चांगले मोठे मोठे खेकडे निवडले, प्रत्येकाच्या पाठीवर लाल आकडा घातला आणि सोडून दिले. नंतर दर शनिवारी गावी जाऊन नाला उपसायचो. खेकडे मिळायचे, पण सगळे कोरे. लाल आकड्याचा एकही नाही.

सर म्हणाले, "कात टाकली असेल." रुबीना म्हणाली, "तुले पाहून बिळातच बसत असतील." मी तर हवामान बदलावर अख्खं प्रकरण लिहून ठेवलं, आलेखासकट. सबमिशन तोंडावर आलं तेव्हा मला खरंच रडू यायला लागलं. वर्ष वाया जाणार, हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचं?

शेवटी एका रविवारी सर स्वतः नाला बघायला गावी आले. पाणी पाहिलं, बिळं पाहिली. आईने त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. खेकड्यांचा रस्सा होता. मला आवडतो म्हणून ती दर रविवारी करायची. दारव्ह्याच्या बाजारातून आणत असेल, असं मी धरून चाललो होतो. सरांनी दोनदा मागून घेतला आणि हात धुवायला मागच्या अंगणात गेले.

बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी बघायला गेलो. सर उकिरड्याजवळ उकिडवे बसले होते. समोर खेकड्यांच्या पाठींचा ढीग होता आणि ते काडीने एकेक पाठ उलटी करून वाचत होते. "सात. बावीस. अकरा."

आई तांब्या घेऊन मागोमाग आली होती. मी तिच्याकडे वळलो.

"आई, हे खेकडे कुठले?"

"नाल्यातले. तुहे काका आनून देतात."

"पण हेच काहून?"

"आता घ्या," आई सरांना म्हणाली. "यानंच तं मोठे मोठे निवडून निशान करून ठेवलते. मी भावजींले सांगतलं, पोराच्या पसंतीचेच आना, दुसरे नोका आनू."

सरांनी काडी खाली ठेवली. ओठांवरचा रस्सा पुसला.

"नोंदींची शीट काढ," ते म्हणाले. "एवढं रिकॅप्चर मी आजवर कोणाचं पाहिलं नाही."